डोळे चांगले, तरी दिसेना?

डोळा प्रकाश टिपतो. पाहण्याचे खरे काम मेंदू करतो, तेही वाटून. रंग मेंदूच्या एका भागात कळतो, हालचाल दुसऱ्या भागात. ही कामे एकाच क्षणी होत नाहीत. लंडनच्या सेमिर झेकी यांनी सहकाऱ्यासोबत केलेल्या प्रयोगांत १९९७ साली आढळले, की रंग हालचालीच्या आधी कळतो. हा फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणून आपल्याला जाणवत नाही.

जर्मनीतील एका बाईंची हकीकत डॉक्टरांनी १९८३ साली प्रसिद्ध केली. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी झाल्याने त्यांना हालचाल दिसेनाशी झाली. रंग आणि आकार मात्र दिसत होते. कपात ओतला जाणारा चहा त्यांना गोठल्यासारखा दिसे. लांबची मोटार एकदम जवळ आलेली दिसे, त्यामुळे रस्ता ओलांडणे अवघड झाले.

हे आम्ही का सांगतो? घरात कुणाला अचानक अर्धेच दिसू लागले, एकाचे दोन दिसू लागले, तर वस्तीत कुणी ‘बाहेरची बाधा’ म्हणते, कुणी चष्म्याचा नंबर वाढला म्हणते. तो मेंदूचा झटका असू शकतो. सोबत तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही लक्षणेही पाहा. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

बाबासाहेबांनी आपल्याला कारण शोधायला शिकवले. अंगारे-धुपाऱ्यात हे तास घालवू नका. जयभीम!