पेट्रोलवरचा कर, बसची रांग आणि आपली फुफ्फुसे

पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढला की वस्तीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "आपल्याकडे गाडीच नाही, आपल्याला काय त्याचं?" आणि दुसरे, "डिझेल वाढलं की कांद्यापासून सगळं वाढतं, मरतो गरीबच." पहिले वाक्य चूक आहे. दुसरे खरे आहे, पण अर्धेच. कर किती घेतला याइतकेच, तो पैसा कशावर खर्च झाला हे महत्त्वाचे असते. रस्त्यावर झाला की बसवर, याचा परिणाम थेट आपल्या आरोग्यावर होतो. म्हणून हा विषय या पानावर.

हा कर कोण भरतो?

पेट्रोल आणि डिझेल जीएसटीत येत नाहीत. त्यांच्यावर केंद्र सरकार अबकारी कर घेते आणि राज्य सरकार व्हॅट घेते. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, केंद्राने पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये कपात झाली. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा २ रुपयांची वाढ झाली आणि केंद्राचा कर पेट्रोलवर लिटरला २१ रुपये ९० पैसे, तर डिझेलवर १७ रुपये ८० पैसे झाला. राज्याचा व्हॅट त्यावर वेगळा.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी पाच घरांकडेही कार नव्हती. तरीही हा कर सगळी घरे भरतात. भाजीचा टेम्पो, गॅस सिलिंडरची गाडी, पाण्याचा टँकर डिझेलवर चालतात आणि त्यांचा खर्च वस्तूच्या भावात येतो. दिवसभर मोटारसायकलवर पार्सल पोहोचवणारी आपली मुले तर रोज पंपावरच हा कर देतात. एसटीच्या डिझेलवर कर आहेच, शिवाय एसटीच्या तिकिटातून राज्य सरकार १७.५ टक्के प्रवासी करही घेत आले आहे. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही, तोही या तिजोरीत भर घालतो.

पैसा जातो कुठे?

केंद्राच्या करातला एक भाग 'रस्ते व पायाभूत सुविधा उपकर' या नावाने घेतला जातो. मे २०२२ च्या कपातीनंतर तो पेट्रोलवर लिटरला ५ रुपये आणि डिझेलवर २ रुपये राहिला. यासाठी २००० साली केंद्रीय रस्ते निधी कायदा झाला. तेव्हा हा पैसा मुख्यतः महामार्ग, राज्यांतले रस्ते, ग्रामीण रस्ते आणि रेल्वेवरचे पूल यांसाठी होता. २०१८ मध्ये कायदा बदलला आणि यादीत बंदरे, विमानतळ, रेल्वेमार्ग आले. शहरी सार्वजनिक वाहतूकही आली, पण एका अटीसह: रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या त्यातून वगळल्या. साध्या भाषेत सांगायचे तर या यादीत पूल बसतो, मेट्रो बसते, बस मात्र बसत नाही.

बससाठी केंद्राच्या वेगळ्या योजना आहेत. २०२३ मध्ये देशभरातल्या शहरांसाठी १०,००० इलेक्ट्रिक बसची योजना जाहीर झाली. पण योजनेला मुदत असते. उपकर मात्र दर लिटरमागे रोज जमा होतो. बसला असा हक्काचा, कायमचा पैसा नाही.

मुंबईत महापालिकेच्या पैशाचीही अशीच गत आहे. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा सुमारे साडेदहा किलोमीटरचा किनारी रस्ता जवळपास १४ हजार कोटी रुपये खर्चून महापालिकेने बांधला. त्यावर दुचाकी, रिक्षा आणि पायी चालणाऱ्यांना मनाई आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतूवरही दुचाकी-रिक्षा चालत नाहीत. दुसरीकडे 'बेस्ट'च्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून अधिक बस होत्या, त्या आता तीन हजारांच्या आत आल्या आहेत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महापालिकेने बेस्टला १,००० कोटी रुपये ठेवले. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. ज्या घरातली दोन माणसे महिन्याचे २५ दिवस जाऊन-येऊन बसने जवळच्या कामावर जातात, त्या घराचा खर्च महिन्याला ५०० रुपयांनी वाढला.

रस्ता की बस? आरोग्याचा हिशेब

हवा: वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, नाकातल्या केसांत अडकत नाहीत. ते फुफ्फुसांच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तात उतरतात. दमा, मुलांचा सततचा खोकला, हृदयविकार आणि लकवा यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षभराच्या सरासरीची मर्यादा एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम सांगितली. भारताची मर्यादा ४० आहे. मोठ्या रस्त्यापासून पहिल्या काही शे मीटरांत हा धूर सर्वांत दाट असतो, आणि आपल्या कितीतरी वस्त्या नेमक्या महामार्गाच्या आणि उड्डाणपुलाच्या कडेला आहेत. एका बसमध्ये ५० माणसे जातात. कारमध्ये सरासरी दीड माणूस धरला, तर तेवढ्याच माणसांना ३३ कार लागतात. रस्ता रुंद केला की काही काळ गर्दी सुटते, मग नवीन गाड्या येतात आणि जागा पुन्हा भरते.

अपघात: २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातले सुमारे ४४ दुचाकीवरचे होते आणि १९-२० पायी चालणारे. बस वेळेवर मिळत नाही म्हणून पोरगा हप्त्यावर मोटारसायकल घेतो, आणि सर्वांत धोक्याच्या वाहनावर रोज बसतो.

दवाखाना: क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पोषणासाठी रुग्णाला महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. पण तेच पैसे रिक्षात गेले, तर पोषण कुठून होणार? डायलिसिस, बाळंतपणाआधीची तपासणी, रक्तदाबाची गोळी या सगळ्यांसाठी पुन्हा पुन्हा जावे लागते. स्वस्त बस नसेल तर तपासणी चुकते आणि आजार वाढतो.

मग कर वाढवावा का?

नुसता वाढवला तर तो अन्याय ठरेल. डिझेलचा भार थेट आपल्या ताटावर येतो. पण करच नको म्हटले तरी फायदा मोठ्या गाड्यांनाच अधिक होतो, कारण जास्त इंधन जाळणारे तेच. जगात यातून मार्ग काढलेला दिसतो. अमेरिकेत १९८३ पासून पेट्रोलवरच्या केंद्रीय कराचा एक हिस्सा सार्वजनिक वाहतुकीला कायद्यानेच मिळतो. आज तो गॅलनमागे १८.४ सेंटपैकी २.८६ सेंट आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहराने इंधनावरच्या अधिभारातून बससाठी स्वतंत्र मार्गिका बांधल्या. २००० च्या डिसेंबरात ही सेवा सुरू झाली. पुढे तिथल्या बस खचाखच भरू लागल्या, हेही खरे. मार्गिका बांधली तरी गाड्या आणि फेऱ्या वाढवत राहाव्याच लागतात.

तेव्हा कर वाढवायचाच असेल तर तीन अटी असाव्यात. वाढीव पैशातला ठरावीक वाटा बसच्या खरेदीला आणि रोजच्या चालवण्याला कायद्याने मिळावा. बस आधी रस्त्यावर यावी, कर नंतर वाढावा. आणि एसटी-बेस्टच्या इंधनावर व तिकिटावर कराचा बोजा ठेवू नये.

आपण काय करू शकतो?

• वस्तीजवळच्या थांब्यावर आठवडाभर वहीत नोंद करा: बस किती वाजता आली, किती मिनिटे थांबावे लागले. अशी नोंद जोडलेल्या अर्जाला 'बस येत नाही' एवढ्या तक्रारीपेक्षा जास्त वजन असते.
• नगरसेवक, आमदारांना फक्त रस्ता-गटार मागू नका. फेऱ्या, थांब्यावर छप्पर, दवाखान्यापर्यंत थेट बस आणि चालायला फूटपाथ मागा.
• अर्थसंकल्पात बसला किती आणि रस्त्यांना किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.
• घर मोठ्या रस्त्याला लागून असेल तर गर्दीच्या वेळी त्या बाजूची खिडकी बंद ठेवा, दुसऱ्या बाजूची उघडा. मुलांना शाळेत आतल्या गल्लीने न्या.
• तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, सूक्ष्म कण नाही. दम्याच्या रुग्णाने पंप बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये.
• खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर 'धुरामुळे असेल' म्हणून सोडू नका. थुंकी तपासून घ्या.

खिडकी बंद केल्याने धूर थोडा कमी होईल, संपणार नाही. तो कमी व्हायचा तर रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हाव्या लागतील. वेळेवर येणारी, परवडणारी बस मिळाली तरच माणसे गाडी घरी ठेवतात. त्या बसचे पैसे प्रत्येक लिटरमागे आपण आधीच भरतो आहोत. आता ते बसपर्यंत पोहोचतात का, एवढे विचारायचे आहे.