जीपचे जादा डोळे

महाड-पोलादपूरकडचा पावसाळी रात्रीचा रस्ता म्हणजे चेष्टा नव्हे! 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात तर धुकं असं दाटतं की बॉनेटपुढचं दिसत नाही.

म्हणून काही जीपवाले पावसाळ्यात बंपरवर दोन जादा दिवे लावतात. एरवी काढून घरात ठेवतात. दगड आणि चोर, दोघांपासून सुटका!

मग तारा थेट बटणाला जोडल्या की झालं? थांबा, गणित करू. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे 110 वॅट. भागिले 12 व्होल्ट : सुमारे 9 अँपिअर. एवढ्या प्रवाहाने नाजूक बटण तापून वितळेलसुद्धा. म्हणून मध्ये रिले बसवतात. बटणातला इवलासा प्रवाह रिलेमधल्या तारेच्या वेटोळ्याचं लोहचुंबक बनवतो. ते पट्टी खेचतं, आणि मोठा प्रवाह जाड तारेने दिव्यांकडे धावतो. बॅटरीला लागूनच 15 अँपिअरचा फ्यूज हवा. तार कुठे घासून उघडी पडली, तर आग लागायच्या आत तोच वितळतो.

बंपरपाशी प्लग. त्याच्या पिना दिव्याच्या बाजूला, बॅटरीकडे मात्र टोकं आत दडलेलं सॉकेट. उलटं केलंत तर दिवे काढल्यावर उघड्या पिना लोखंडाला टेकतील, आणि ठिणग्या! सॉकेटवर रबरी टोपी हवीच, कोकणातला पाऊस आडवा येतो.

दिव्यांचं तोंड खाली ठेवायचं. वर केलंत, तर धुक्याचे थेंब उजेड परत डोळ्यांवरच फेकतात. समोरून गाडी आली की दिवे बंद.