सातबारा टू सॅलरी स्लिप

आजोबा औतामागे, बाबा फळ्यासमोर, नातू हिंजवडीत. एका घरातल्या तीन पुरुषांचे तीन बायोडेटा वाचले, की सगळ्या हिंगोली जिल्ह्याची गोष्ट कळते!

फेब्रुवारीतला शुक्रवार. तुम्ही वीकएण्डचा प्लॅन फायनल करत असता, तेव्हा शेजारच्या डेस्कवरचा तो लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून ट्रॅव्हल्सची स्लीपर गाठायला पळतो. ‘गावी चाललोय, हळद काढायचीय,’ एवढंच सांगतो. सोमवारी बसमधून उतरून थेट ऑफिसात. नखांत पिवळा रंग तसाच. गाव कुठलं, विचारलंत कधी? वसमतजवळचं. जिल्हा हिंगोली.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाचच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाख, त्यातले शंभरातले पंच्याऐंशी खेड्यात राहणारे. म्हणजे पुरुष काय करतो याचं उत्तर इथे ठरलेलं : शेती, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात मजुरी. पण उत्तर एवढं सोपं राहिलेलं नाही.

आजोबा : ज्वारी, कापूस आणि बैलगाडी

आपल्या मित्राच्या आजोबांना ‘करिअर’ हा शब्द माहीत नव्हता. वडिलांनी जे केलं तेच मुलानं करायचं, फंडा क्लिअर! निजामाच्या राज्यात हिंगोली ही कापसाची मोठी पेठ होती. १९०३ पर्यंत इथे लष्कराची छावणीही होती. त्यामुळे शेतीबाहेरची कामं तेव्हाही होती. कुणी गाडीवान, कुणी हमाल, तर कुणी गावचा सुतार-लोहार, त्याची मजुरी धान्यात.

तरी पारडं शेतीकडेच. १९७७-७८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या शंभर कामकरी पुरुषांपैकी सुमारे ८१ शेतीत होते.

बाबा : ‘नोकरी लागली!’

मग आली ‘नोकरी लागण्या’ची पिढी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाले. कुणी एसटीत ड्रायव्हर, कुणी वसमतच्या पूर्णा साखर कारखान्यात, कुणी हिंगोलीतल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक १२ मध्ये. शेती सुटली नाही, पण ती रविवारची झाली. पगार महिन्याच्या महिन्याला आणि पावसाची वाट बघायची नाही, हे सुख गावानं पहिल्यांदा पाहिलं. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी भरतीची मुलं आजही त्याच सुखामागे पळतायत.

आपण : सगळेच आयटीत?

आता थोडे आकडे, कंटाळू नका! खेड्यांतल्या शंभर कामकरी पुरुषांपैकी शेतीत २००४-०५ ला ६६-६७ होते, २०११-१२ ला ५९ आणि २०२३-२४ ला ४९. मग बाकीचे गेले कुठे? तुमच्यामाझ्यासारखे एसी ऑफिसात? नाही बॉस! सगळ्यात मोठी उडी बांधकामाची आहे. १९७७-७८ ला शंभरात दोनही पुरुष बांधकामावर नव्हते, २०१७-१८ ला चौदाच्या वर होते.

म्हणजे सातव्या मजल्यावर कोड लिहिणारा आणि त्या मजल्याचा स्लॅब टाकणारा एकाच तालुक्यातले असू शकतात. शेती दोघांनीही सोडली. एकाला पीएफ मिळाला, दुसऱ्याला रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहणं. ज्याच्या बाबांना नोकरी लागली होती, त्याचाच मुलगा बहुतेक सातव्या मजल्यावर पोचतो, हेही बघून ठेवा.

मग शेतात कोण?

२०२३-२४ मध्ये खेड्यांतल्या शंभर कामकरी बायकांपैकी सुमारे ७७ शेतीत होत्या. पुरुष बाहेर पडला, आई आणि वहिनी मागे राहिल्या. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुतेक घरांत अजून पुरुषाचंच!

जो मुलगा थांबला, त्याची पंचाईत वेगळी. स्थळ बघताना मुलीकडचे दोन प्रश्न विचारतात : ‘शेती किती?’ आणि ‘मुलगा काय करतो?’ पहिल्याला ‘पाच एकर’ चालतं, दुसऱ्याला ‘शेती’ चालत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेव बनून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला, तेव्हा सगळे हसले. आपल्या मित्राला हसू आलं नाही. त्याचा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे, शेती करतो, आणि अजून स्थळ जमलेलं नाही.

हळद लागेल का?

या भावानं हळद शिजवायचा कुकर घेतलाय. नऊ महिन्यांचं पीक खणून काढायचं, शिजवायचं, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायचं, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायचं, मग हिंगोलीच्या मार्केट यार्डात न्यायचं. भाऊ स्वतःची हळद करतोच, शिवाय कुकर गावात भाड्यानं देतो. आता त्याला शेतकरी म्हणायचं की उद्योजक? २०११ च्या जनगणनेत कामाचे चारच रकाने होते : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’. पुढच्या जनगणनेत तो कुठल्या रकान्यात बसेल, त्यालाच ठाऊक नाही.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. दळणं आणि पॅकिंग इथेच झालं, तर हळकुंडाबरोबर रोजगार बाहेर जाणार नाही, हे भावाचं गणित. त्याला पावडरचं युनिट टाकायचंय आणि पैसे थोरल्याकडे मागितलेत. थोरल्यानं तेच पैसे वाकडच्या टू बीएचकेच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेत.

परवा चहाच्या टपरीवर त्याला विचारलं, ‘मग काय ठरलं?’

‘फ्लॅट घेतला तर मी इथला होईन,’ तो म्हणाला. ‘युनिट टाकलं तर कदाचित भावाचं लग्न होईल.’

बस शुक्रवारी रात्रीची आहे. त्याचं अजून ठरलेलं नाही.

चौकट : हिंगोलीत नवं काय?

औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. आजोबांच्या बायोडेटात नसलेला एक रकाना नातवंडांसाठी उघडतोय!