भट्टीत पास, टेबलावर नापास!

मी पडले कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या! पण ही गोष्ट मराठीतच सांगायची होती, कारण तिचा व्हिलन अस्सल मराठी आहे : पोपडा.

जेट इंजिनातल्या टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात. हा धातू साधारण १३०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळू लागतो, आणि अंगावर येणारा गॅस १५०० च्याही वर! मग पातं टिकतं कसं? आतून हवा खेळवतात आणि बाहेरून झिर्कोनिया या सिरॅमिकचा थर देतात. थर जेमतेम पाव मिलिमीटरचा, पण धातूचं तापमान शंभरेक अंशांनी उतरवतो. सिरॅमिक नीट धरून राहावं म्हणून मध्ये ॲल्युमिनियम असलेला बाँड कोट असतो. उष्णतेत त्याच्यावर ॲल्युमिनाचा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा धातूला वाचवतो, पण जाड होत गेला की तोच घात करतो.

तुम्ही म्हणाल, टेस्टिंग म्हणजे काय, भट्टीत टाकायचं आणि बघायचं! मलाही तसंच वाटायचं. पण खरी परीक्षा तापताना नसते, गार होताना असते. धातू जास्त आकसतो, सिरॅमिक कमी, ॲल्युमिना त्याहून कमी. या ओढाताणीत पोपडा सुटतो. म्हणून ११०० अंशांवर तासभर तापवायचं, बाहेर काढून गार करायचं, परत आत, असं शेकडो वेळा. बहुतेक लॅबमध्ये २० टक्के थर उडाला की नमुना फेल धरतात. विमानाचं उड्डाण म्हणजे तरी काय, एक सायकलच की!

गेल्या पावसाळ्यात सरांच्या प्रोजेक्टवर चिमट्याने नमुने काढायची माझी ड्युटी होती. शेवटची सायकल संपली तेव्हा लेडीज हॉस्टेलचं गेट बंद व्हायला दहा मिनिटं होती. नमुना गार झालेला, थर जागेवर. वहीत 'कोटिंग शाबूत' लिहिलं आणि धूम ठोकली.

सकाळी बघते तर टेबलावर पांढरा पोपडा वेगळा आणि नमुना वेगळा! कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

खरं सांगते, वहीतली नोंद तशीच ठेवायचा मोह झाला. रात्री शाबूत होतं हे काही खोटं नव्हतं ना! भीतभीत सरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "याला डेस्कटॉप स्पॉलेशन म्हणतात." आधीच ताणाखाली असलेल्या सांध्यात हवेतला ओलावा शिरतो. तिथल्या ॲल्युमिनियमशी पाण्याची रिॲक्शन होऊन हायड्रोजन सुटतो आणि तो सांधा कमजोर करतो, असं स्पष्टीकरण नासाच्या जेम्स स्मियालेक यांनी २००६ मध्ये मांडलं होतं.

म्हणजे माझी नोंद खोटी नव्हती, अर्धी होती. मी त्याच ओळीखाली सकाळची वेळ घालून लिहिलं, 'कोटिंग सुटलं.' आता नमुना रात्रभर उघड्यावर ठेवून, सकाळी परत बघितल्याशिवाय मी 'शाबूत' लिहीत नाही. त्या पात्याच्या भरवशावर उद्या कोणीतरी विमानात बसणार असतं. हॉस्टेलच्या गेटची घाई त्यांना का भोवावी?