मंगळ आहे, म्हणजे काय आहे?

‘मुलगी चांगली आहे हो, पण तिला मंगळ आहे.’ लग्नाच्या बोलाचाली ज्या घरात झाल्या आहेत, त्या घरात हे वाक्य कधी ना कधी उच्चारलं गेलेलं असतं. ते बोलताना आवाज आपोआप खाली येतो. एखादा घरातला आजार सांगावा, तसं ते सांगितलं जातं. आणि मंगळ ‘असणं’ म्हणजे नेमकं काय, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

आमच्या भागातल्या एका वधू-वर सूचक मंडळात काही वर्षं मी रविवारी सकाळी नावनोंदणीला बसत असे. अर्जात शिक्षण, उंची, पगार यांच्याखाली एक रकाना होता – मंगळ : आहे, नाही, सौम्य. त्या एका रकान्यावरून चांगली चांगली स्थळं परत गेलेली मी पाहिली. तेव्हापासून या विषयावरचं जे हाताला लागेल ते वाचत आले.

पत्रिकेत बारा घरं असतात. जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते, ती लग्नरास. तिचं घर पहिलं. तिथून मोजत गेलं, की चौथं घर सुखाचं, सातवं जोडीदाराचं, आठवं आयुष्य-मृत्यूचं आणि बारावं व्ययाचं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ आला, की पत्रिका ‘मंगळाची’ झाली. हीच पाच घरं का? मंगळाला चौथी, सातवी आणि आठवी अशा तीन दृष्टी मानल्या आहेत. पहिल्या घरातून सातवी, चौथ्यातून चौथी आणि बाराव्यातून आठवी दृष्टी बरोबर सातव्या घरावर, म्हणजे जोडीदारावर पडते. सातव्यात तर तो स्वतःच बसलेला. आणि आठवं घर स्त्रीच्या पत्रिकेत सौभाग्याचं. मंगळ हा तापट, लढाऊ ग्रह. तेव्हा त्याची नजर संसारावर नको, असा हा हिशोब आहे. आतून पाहिलं तर तो सुसंगत आहे, हे मान्य करायला हवं.

पण हिशोबच करायचा, तर पुढचाही करू. बारा घरांपैकी पाच, म्हणजे ढोबळमानाने शंभर पत्रिकांतल्या बेचाळीस मंगळाच्या निघणार. दक्षिणेकडे दुसरं घरही धरतात, तिथे निम्म्या. काही ज्योतिषी चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ पाहतात. मग बिनमंगळाची पत्रिकाच शोधत हिंडावं लागेल! म्हणूनच की काय, अपवादही भरपूर सांगितले आहेत. मंगळ मेष किंवा वृश्चिक या स्वतःच्या राशीत असला, मकरेत उच्चीचा असला, गुरूची त्याच्यावर दृष्टी असली, किंवा दोघांनाही मंगळ असला, तर दोष नाही. जाणता ज्योतिषी हे अपवाद आधी पाहतो. अर्जातल्या रकान्यात मात्र त्यांना जागा नसते. शिवाय हेच प्रमाण मुलांच्या पत्रिकांतही असणार. पण ‘मुलाला मंगळ आहे’ म्हणून मुलाच्या आईचा आवाज खाली आलेला मी फारसा ऐकला नाही.

घर ठरतं जन्मवेळेवरून, कारण लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते. आता आपल्याकडच्या जुन्या वेळा पाहा. मुंबईत १९५५ पर्यंत प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेला ‘मुंबई टाइम’ही चालू होता. महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, देशातली घड्याळं एक तास पुढे केली होती. आजीने सांगितलेली ‘दिवेलागणीची वेळ’ यांपैकी कुठल्या घड्याळाची? पंचांगांतही एकमत नाही. टिळक पंचांगाचा राशिचक्राचा आरंभ इतर बहुतेक पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळा आहे. राशीच्या कडेवरचा ग्रह एका पंचांगात एका राशीत, तर दुसऱ्यात शेजारच्या राशीत दिसू शकतो.

२००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. तिचा मंगळाशी संबंध नव्हता, पण ग्रहस्थितीवरून माणूस ओळखता येतो का, हाच प्रश्न होता. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून ठरवलं असतं, तरी पन्नासच्या आसपासच आली असती.

माझ्या एका आत्येबहिणीला आठव्यातला मंगळ होता. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून तिला स्थळं येत होती आणि पत्रिका पाहून परत जात होती. कुंभविवाह कर, म्हणजे आधी मातीच्या घटाशी लग्न लाव, असं सुचवलं गेलं. अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात जाऊन आल्यावर तिच्या आईला थोडं हलकं वाटलं, ते मी नाकारणार नाही. पण दर नकारानंतर ती थोडी गप्प होत गेली. कार्यांना जायचं टाळू लागली. तिशी उलटल्यावर लग्न झालं, ते कार्यालयातल्या एका सहकाऱ्याशी, पत्रिका न पाहता. संसार छान झाला. मंगळाने तिचं आयुष्य घडवलं का? घडवलं, असंच मी म्हणेन. दहा वर्षं घेतली त्याने. फक्त ती आकाशातून नाही घेतली. आमच्या बैठकीच्या खोलीतून घेतली.

त्याच मंगळाकडे आपलं ‘मंगळयान’ ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालं. तो दिवसही मंगळवारच होता. २४ सप्टेंबर २०१४ ला ते कक्षेत पोचलं आणि पुढे २०२२ पर्यंत त्याचं काम चाललं. त्या मोहिमेत अनेक स्त्री-शास्त्रज्ञ होत्या.

पत्रिका पाहूच नका, असं मी कुणाला सांगत नाही. ज्यांना पाहायची ते पाहणारच. पण पाहायची तर मुला-मुलीची भेट झाल्यावर पाहा, आधी नको. आणि ज्योतिषीबुवांना तीन गोष्टी विचारा : जन्मवेळ अर्ध्या तासाने चुकली असेल तर मंगळ कुठे जातो, अपवाद कोणकोणते लागू होतात, आणि मुलाच्या पत्रिकेत मंगळ कुठे आहे? हे प्रश्न मुलीच्या समोर विचारा. तिच्याविषयी जे बोललं जातं, ते तिला आतल्या खोलीत बसून ऐकावं लागू नये.