आयव्हीएफपूर्वी पतीच्या कामाची माहितीही डॉक्टरांना द्या

‘नाल्याच्या वासामुळे आम्हाला मूल होत नसेल का?’ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातील जोडप्यांना हा प्रश्न पडतो. भीती समजण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून रसायन सोडले गेले, तेव्हा शेकडो उल्हासनगरकरांना श्वासाचा त्रास झाला होता. पण मला जास्त काळजी वाटते ती रोज आठ-दहा तास रसायने हाताळणाऱ्यांची: जीन्स फिकी करण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट फवारणारे, जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वितळवणारे, सॉल्व्हंटच्या टाक्या धुणारे.

१९७७ मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कीडनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी किंवा शून्य आढळले. आपल्यापैकी कोणालाच मूल होत नाही, हे आधी कामगारांच्याच आपसातील बोलण्यातून लक्षात आले होते. सगळ्याच रसायनांबद्दल इतका स्पष्ट पुरावा नाही. शिशाबद्दल तो भक्कम आहे. प्लॅस्टिकमधील बीपीए, थॅलेट यांचा आयव्हीएफवर परिणाम होत असावा असे काही अभ्यास सुचवतात, पण ते सिद्ध झालेले नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात. म्हणजे आजच्या वीर्यतपासणीत मागचे दोन-तीन महिने दिसतात, आणि आज केलेल्या बदलाचा परिणामही तेवढ्याच काळाने दिसतो. (शिसे मात्र हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते.) पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल, तर थांबायचे की नाही हे स्वतः ठरवू नका, तिच्यासाठी तीन महिनेही मोलाचे असतात.

आपल्याकडे तपासण्या पत्नीपासून सुरू होतात आणि पतीला ‘काम काय करता’ एवढेही कोणी विचारत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत दोघांचेही काम सविस्तर सांगा. ‘कंपनीत आहे’ एवढे पुरेसे नाही. ड्रमवरच्या लेबलचा फोटो घेऊन या. शिशाशी संबंध असेल तर रक्तातील शिशाची तपासणी करता येते.

नोकरी सोडायची गरज बहुतेकांना नसते. विभाग बदलून मिळतो का ते विचारा. रुमाल किंवा कापडी मास्क वाफ अडवत नाही. त्या रसायनासाठीचा फिल्टर असलेला मास्क लागतो. जेवणापूर्वी हात साबणाने धुवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. पत्नी गरोदर राहिल्यावरही हे पाळा.

‘डिटॉक्स’च्या पावडरींवर पैसे घालवू नका. तंबाखू, गुटखा, बिडी मात्र आजच थांबवा. ते विषही शुक्राणूंपर्यंत पोहोचते.