कयाक उलटली, तर परत बसायचे कसे?

कयाक उलटते. कितीही जपले तरी कधी ना कधी उलटतेच, आणि त्यात घाबरण्यासारखे फारसे काही नसते. अंगावर लाइफ जॅकेट नीट बांधलेले असेल तर माणूस तरंगत राहतो. आपल्या किनाऱ्यावर हल्ली भाड्याने मिळते ती प्लास्टिकची, वर उघड्यावर बसायची कयाकही उलटी झाली तरी बुडत नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. माणूस पाण्यात, कयाक शेजारी, आणि वर चढता येत नाही. पोहता येणाऱ्यांनाही येत नाही, कारण पोहणे ही एक विद्या आणि डुलणाऱ्या नावेवर पाण्यातून चढणे ही वेगळी.

आमच्या घरातल्या दोन मुलींनी हे गेल्या हिवाळ्यात खाडीत अनुभवले. दोघींच्या कयाकला शेजारून गेलेल्या यांत्रिक होडीची लाट आडवी लागली आणि दोघी पाण्यात पडल्या. पाव तास त्या बाजूने चढायचा प्रयत्न करीत होत्या. दर वेळी कयाक त्यांच्याच अंगावर कलंडे. तोवर ओहोटी लागली होती आणि त्या खाडीच्या तोंडाकडे सरकू लागल्या होत्या. जाळे आवरून परतणाऱ्या एका दालदी चाचांनी त्यांना पाहिले आणि दोरी टाकून काठाला आणले. घरी आल्यावर मुली रडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “चढायचे असते तरी कसे?” याचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशी नव्हते. म्हणून शाळेतले आम्ही काही शिक्षक आणि घरची माणसे मिळून ते शिकायला गेलो. शिकवणारा तरुण जवळच्या कोळीवाड्यातला, गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत तालीम घेऊन आलेला. स्त्रियांसाठी फजरनंतरची वेगळी वेळ आम्ही मागितली आणि ती मिळाली.

या नावेची घडण समजून घेतली की पुढचे सोपे जाते. कयाक हा शब्द उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा. त्यांची कयाक कातड्याने मढवलेली असे आणि माणूस तिच्या पोटात कमरेपर्यंत शिरून बसे. ती उलटली तर पाण्याखालीच गिरकी घेऊन सरळ करावी लागते, आणि ती कसरत वर्षानुवर्षांच्या सवयीची. आपल्याकडची कयाक निराळी. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टिम निमायर या तरुणाने लाटांवर स्वार होण्याची फळी कोरून तिच्यावर बसायला जागा केली, तिथून हिचा वंश सुरू झाला. आत हवा भरलेला बंद पोकळ सांगाडा, वर बसायची खोलगट जागा आणि तिथपासून तळापर्यंत आरपार भोके. वर आलेले पाणी त्या भोकांतून आपोआप उतरते, म्हणून उपसत बसावे लागत नाही. (भोके पाहून आमच्यातल्या एका मास्तरांनी “ही तर फुटकी आहे” म्हणून बसायलाच नकार दिला होता.) मागच्या टोकाजवळ एक बूच असते. ते सैल असेल तर सांगाड्यात पाणी शिरते, नाव जड होते आणि पुन्हा पुन्हा कलंडते. निघण्यापूर्वी बूच आवळून पाहावे आणि नाव हलवून आत पाणी खळखळते का ते ऐकावे.

आता पडल्यावरचे. पहिले काम कयाक धरणे. वल्हे, चप्पल, मोबाइल, सगळे नंतर. रिकामी कयाक वाऱ्याबरोबर अशी पळते की चांगल्या पोहणाऱ्यालाही ती गाठता येत नाही. एका हाताने तिची कडी धरावी, दुसऱ्या हातात वल्हे आले तर उत्तम. मग मान मागे टाकून तरंगत श्वास लागी लावावा. घाई कसलीच नाही.

कयाक उलटी असेल तर तिच्या मध्यभागी यावे. पालथ्या तळावर अंग टाकून पलीकडची कड किंवा तळाचे भोक पकडावे, गुडघे अलीकडच्या काठाला टेकवावेत आणि सगळे वजन मागे टाकावे. नाव आपल्याकडे फिरून सुलटी होते. ती येताना तोंड बाजूला ठेवावे, नाहीतर काठ कपाळावर बसतो.

चढताना जवळजवळ सगळे एकच गोष्ट करतात: भिंतीवर चढावे तसे उभ्याने वर ओढतात. तसे केले की पाय नावेच्या खाली जातात आणि नाव आपल्यावर पालथी होते. मुलींचे पाव तास हेच चालले होते. आधी पाय मागे सोडून अंग पाण्यावर आडवे करावे. दोन्ही हात नावेवर ठेवून पाय जोरात मारावेत आणि नाव जणू पोटाखाली सरकवायची आहे अशा बेताने पुढे घुसावे. बेंबी बसायच्या जागेवर आली की थांबावे. या वेळी आपण पोत्यासारखे आडवे पडलेले असतो आणि दिसायला ते अजिबात शोभिवंत नसते. मग हळूच कुशीवर वळून बैठक जागेवर टेकवावी. पाय अजून दोन्ही एकाच बाजूला पाण्यात लोंबत असतात. ते शेवटी आत घ्यावेत. पोट, बैठक, पाय असा क्रम आमच्याकडून घोकून घेतला. गुडघ्यावर उठायचा मोह टाळायचा, कारण अंग उंच झाले की तोल गेला.

दोघांची कयाक असेल तर काम सोपे. एकाने पलीकडून नाव धरून वजन द्यावे, दुसऱ्याने अलीकडून चढावे, आणि वर बसलेल्याने तोल सांभाळत पहिल्याला घ्यावे. मुलींना हे आधी कोणी दाखवले असते तर चाचांना जाळे सोडून यावे लागले नसते.

आमच्या मोठ्या आपा साठीला टेकलेल्या, दंडात जोर कमी. छातीभर पाण्यात पाच वेळा प्रयत्न झाला, पाचही वेळा त्या हसत मागे पडल्या. मग रुंद पट्टीचा एक फास आणला गेला. त्याचे टोक पलीकडच्या कडीला बांधले, पट्टी बसायच्या जागेवरून अलीकडे आणून फास पाण्यात सोडला. त्यात पाऊल ठेवायचे आणि पायरी चढावी तसा पाय ताठ करायचा. पलीकडून एकीने वजन दिले आणि आपा पोटावर आल्या. फासात पाऊल अडकून राहू नये म्हणून पट्टी बारीक दोरीची नसावी आणि वर येताच पाय काढून घ्यावा. दुसऱ्या दिवशी खोल पाण्यातही त्या चढल्या. नंतर दुपट्टा पिळत त्यांनी विचारले की हे चाळीस वर्षांपूर्वी का नाही शिकवले. खाडीकाठच्या आपल्या गावांत मुलगे धक्क्यावरून उड्या मारीत मोठे होतात आणि त्यांच्या बहिणी कपडे सांभाळत बसतात, याचा जाब त्या विचारीत होत्या.

कपड्यांचे स्पष्ट बोललेले बरे. अबायाचा घेर पाण्यात पायांभोवती गुंडाळतो आणि पाय मारताच येत नाहीत. लांब दुपट्टा कडीत अडकतो. सुती कपडे पाणी पिऊन जड होतात. पडदा आणि पाणी यांचे भांडण मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या आहेदा झनेट्टी यांनी 2004 मध्ये बुर्किनी तयार केली ती याच गरजेतून. ती नसली तरी नायलॉनची विजार, गुडघ्यापर्यंतचा पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी पुरते. स्कार्फला टाचण्या लावू नयेत. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळावेत. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते कानापर्यंत येत असेल तर मापाचे नाही. फोटोसाठी किंवा उकडते म्हणून ते उघडे ठेवणाऱ्यांना नावेत घेऊ नये, पाहुणे असले तरी.

दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर थांबावे. दमलेला माणूस चौथ्यांदा चढत नाही. कयाकला बिलगून राहावे आणि जॅकेटची शिट्टी तीनदा, थांबून पुन्हा तीनदा वाजवावी. लाटा फुटत असतील तिथे आपण समुद्राच्या बाजूला राहावे, कयाक आणि किनारा यांच्या मध्ये नाही. लाट नाव उचलून अंगावर आपटते.

वेळही बघून निवडावी. खाडीत ओहोटीचा ओढ समुद्राकडे असतो, म्हणून सराव भरतीत करावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि ओढ जबर. चांदाच्या सातव्या-आठव्या तारखेला आणि पुन्हा एकवीस-बावीसच्या सुमाराला भांगाचे पाणी मंद असते. घरात हिजरी कॅलेंडर असतेच, ते पाहून दिवस ठरवता येतो. आम्ही पुढचा सराव सातव्या चांदाला ठेवला आहे. या वेळी पहिल्यांदा त्या दोन मुली शिकवणार आहेत आणि मास्तर, ज्यांना नाव फुटकी वाटली होती, शिकणार आहेत.